"जागेवरच मिटवू या": बाइकच्या अपघातानंतरचे दोन दिवस आणि सहा महिने

ज्यांना अख्खा भाग ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये रेंज जाते किंवा इअरफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "अं" काढलेत आणि आकडे, कलमं नीट तपासून घातलीत. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्याच गुडघ्याचा आहे. हसू नका, खरंच.

मी घिवलीचा. अणुशक्ती केंद्राच्या शेजारचं समुद्रकाठचं गाव. आमच्याकडे अर्ध्या घरांतली माणसं बोटीवर जातात आणि अर्ध्या घरांतली तरुण पोरं रोज सकाळी बाइकला किक मारून बोईसरच्या एमआयडीसीत. मी दुसऱ्या अर्ध्यातला. ठेकेदाराकडे कामाला, सातची पहिली शिफ्ट.

जुलै २०२५. रात्रभर पाऊस, रस्त्यावर खड्डे कुठले आणि पाणी कुठलं ते कळत नव्हतं. साडेसहाच्या सुमाराला आतल्या रस्त्यावरून एक टेम्पो न थांबता मेन रोडवर आला. मी ब्रेक दाबला, टेम्पोचा मागचा कोपरा माझ्या हँडलला लागला, आणि मी डाव्या बाजूला. हेल्मेट होतं म्हणून आज बोलतोय. हेल्मेटला जो ओरखडा पडलाय तो नेमका कानाच्या वर आहे.

मला उठवलं ते बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन निघालेल्या एका काकूंनी. टोपली खाली ठेवली, माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि म्हणाल्या, "हलू नको रे बाळा, आधी बोटं हलवून दाखव." एवढं शहाणपण त्या गर्दीत दुसऱ्या कुणाला नव्हतं. बाकीच्यांचं एकच चाललेलं: "हाडबीड मोडलेलं नाही ना? मग झालं. पोलिसात कशाला जाता, जागेवरच मिटवा."

टेम्पोवाला माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. हात जोडून म्हणाला, "दादा, गाडी मालकाची आहे, केस झाली तर नोकरी जाईल." मी गुडघा हलवून बघितला, दुखत होता पण हलत होता. म्हटलं, ठीक आहे. त्याने मला यूपीआयने ३,००० रुपये पाठवले. मी कंपनीत फोन केला, जवळच्या दवाखान्यात पट्टी करून घेतली, डॉक्टरांनी विचारलं "काय झालं?" तर म्हणालो, "काही नाही, गाडी घसरली." आणि घरी.

मंडळी, या एका सकाळी मी चार चुका केल्या. आजचा सगळा भाग त्या चार चुकांवर आहे.

पहिली चूक: "गाडी घसरली"

संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. आईने हळद लावली, मी गोळी खाल्ली. एक आठवडा लंगडत काढला. तीन आठवड्यांनी जिना उतरताना गुडघा अचानक सटकला आणि मी खाली. एमआरआय काढला तेव्हा कळलं की आतलं लिगामेंट पूर्ण तुटलंय. ऑपरेशन लागणार.

डॉक्टरांनी मग समजावलं. अपघातानंतर काही तासांतच सांधा भरून सुजला तर बहुतेक वेळा आत रक्त साचलेलं असतं. हाड मोडलं नाही याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही. तसंच डोक्याचं. मार लागल्यावर पहिले एक-दोन दिवस उलटी होणं, डोकेदुखी वाढत जाणं, झोपेतून नीट जागं न होणं, बोलताना अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. खरचटलंय तिथे रस्त्याची माती गेलेली असते, म्हणून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचं.

पण माझी खरी चूक वेगळी होती. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टर "इतिहास" लिहितात, म्हणजे इजा कशी झाली ते. माझ्या कागदावर माझ्याच तोंडचं वाक्य होतं: गाडीवरून घसरून पडला. टेम्पोचा उल्लेखच नाही. पुढे भरपाई मागायला जाल तेव्हा समोरची विमा कंपनी पहिला हाच कागद पुढे करते.

म्हणून दवाखान्यात खरं सांगा. "अमुक रस्त्यावर, अमुक वाजता, टेम्पोने धडक दिली." आणि हॉस्पिटलला एमएलसी करायला सांगा. एमएलसी म्हणजे ही पोलिसांना कळवायची केस आहे अशी नोंद. त्याने तुमच्यावर काही बालंट येत नाही. उलट तो तुमच्या बाजूचा पहिला सरकारी पुरावा असतो.

दुसरी चूक: नंबर, फोटो, काहीच नाही

आपण जेवणाच्या ताटाचे फोटो काढतो. मी अपघाताचा एकही फोटो काढला नाही. टेम्पोचा नंबर बघितला, तेव्हा वाटलं लक्षात राहील. घरी येईपर्यंत फक्त एवढं आठवत होतं की पाटी गुजरातची होती. आपल्या रस्त्यावर ते काय नवीन नाही. एमएच-४८ च्या जोडीला जीजे-१५ आणि डीडी-०३ रोज दिसतात.

समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाला कॅमेरा होता. मी पाच आठवड्यांनी गेलो. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "भाऊ, पंधरा दिवसांनी जुनं आपोआप पुसतं. त्याच आठवड्यात आला असतास तर लगेच दिलं असतं."

मला वाचवलं ते त्या ३,००० रुपयांनी. गंमत बघा, जे पैसे घेऊन मी प्रकरण मिटवलं, त्याच व्यवहाराची नोंद फोनमध्ये राहिली होती. नाव, तारीख, सहा वाजून त्रेचाळीस मिनिटं, व्यवहार क्रमांक. पोलिसांनी त्यावरून माणूस शोधला, माणसावरून टेम्पो, टेम्पोवरून विमा. रोख दिले असते तर आज माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं.

तुम्ही माझ्यासारखे नशिबावर विसंबू नका. पडलेला माणूस फोटो काढू शकत नसेल तर सोबतच्याने काढायचे: दोन्ही गाड्यांच्या पाट्या, गाड्या हलवण्याआधी त्या कुठे होत्या, रस्ता, खड्डा, ब्रेकचे व्रण, आजूबाजूचे कॅमेरे. बघणाऱ्या दोन जणांचे फोन नंबर. दहा मिनिटांचं काम आहे. पण आधी माणूस, मग फोटो. हे उलटं करू नका.

आणि माणसाचं काय करायचं? १०८ किंवा ११२ लावायचा. हायवेवर असाल तर १०३३ सुद्धा आहे. रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. पाणी पाजायचं नाही. मान, पाठ दुखत असेल तर ओढून बसवायचं नाही. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट घाईने खेचून काढायचं नाही.

"मदत केली तर पोलीस मलाच बसवून ठेवतील." हे वाक्य मला व्हॉइस मेसेजमध्ये किमान दहा जणांनी पाठवलंय. तसं नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटलचे पैसे भरायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. उलट गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या राहवीर योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीस आहे. त्या काकूंना मी हे सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "मला कशाला बक्षीस, तू चालायला लाग."

तिसरी चूक: पोलिसांत गेलो नाही

पाच आठवड्यांनी, आतेभावाला सोबत घेऊन मी तक्रार द्यायला गेलो. पहिला प्रश्न अपेक्षितच होता: "इतके दिवस कुठे होता?"

त्याचं उत्तर आतेभावाने आधीच वाचून ठेवलं होतं. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या एका निकालात म्हटलंय की अपघातानंतर माणूस आधी जखमीकडे धावतो, पोलीस ठाण्याकडे नाही. म्हणून नुसता उशीर झाला यावरून भरपाईचा दावा खोटा ठरत नाही. उशीर का झाला ते मात्र सांगावं लागतं. मी सगळं खरं लिहिलं. पैसे घेतले तेही लिहिलं.

उशीर चालतो असा अर्थ घेऊ नका. उशिराने पंचनामा होतो तेव्हा रस्त्यावर काही उरलेलं नसतं. माझ्या पंचनाम्यात पाऊससुद्धा नव्हता, कडक ऊन होतं.

वेळेत गेलात तर काय होतं बघा. १ एप्रिल २०२२ पासून नियम असे आहेत की पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. म्हणजे तुम्ही घरी पाय वर करून पडलेले असता तेव्हाही तुमचा कागद पुढे सरकत असतो. पण कधी? तुम्ही कळवलं तर.

हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर झिरो एफआयआर असते. कुठल्याही ठाण्याने नोंदवून योग्य ठिकाणी पाठवायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत फोनवरून, ऑनलाइनसुद्धा माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. कुणी नोंदवूनच घेत नसेल तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून त्यासाठी ठाण्याला जावं लागत नाही. एवढा फायदा तरी घेऊ या.

एका श्रोत्याने विचारलंय: "धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही तर?" तर सरकारची हिट अँड रन भरपाई आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवर जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. "गंभीर" म्हणजे फक्त हाड मोडणं नाही. ज्या दुखापतीमुळे १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तीही गंभीर दुखापत. पूर्वीच्या कायद्यात हेच २० दिवस होतं. पण यालाही पोलिसांची नोंद लागतेच.

चौथी चूक: "गेटच्या बाहेरचं आमचं नाही" हे खरं मानलं

आता ही चूक एमआयडीसीत जाणाऱ्या प्रत्येकाने कान देऊन ऐका.

ऑपरेशनचं ठरल्यावर मी ठेकेदाराच्या माणसाकडे गेलो. नाव सांगत नाही, त्याचं नाव महत्त्वाचं नाही, त्याचं वाक्य महत्त्वाचं आहे. "अपघात गेटच्या आत झाला असता तर बघितलं असतं. रस्त्यावरचं आमचं नाही."

मी मान हलवून परत आलो. कारण मलाही तसंच वाटत होतं.

पूर्वी कायदाही जवळपास तसंच म्हणायचा. १९७१ साली एक कामगार सायकलवरून कारखान्यात निघाला होता. कारखाना एक किलोमीटरवर, शिफ्ट सुरू व्हायला पंधरा मिनिटं बाकी, आणि लॉरीने धडक दिली. खांद्याचं हाड मोडलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९६ मध्ये निकाल लागला: ही कामावरची दुखापत नाही. पंधरा मिनिटं आणि एक किलोमीटर कमी पडला.

मग २०१० मध्ये ईएसआय कायद्यात कलम ५१-ई आलं. घरातून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हा कामामुळेच झाला असं मानायचं. अट एकच, अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे.

आणि ज्यांना ईएसआय नाही त्यांचं? त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बाइकच्या अपघाताने दिलं. धाराशिवकडचा एक साखर कारखान्याचा वॉचमन. ड्यूटी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ ला तो मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. घरच्यांनी कामगार भरपाईचा दावा केला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी हायकोर्टात गेली आणि २०११ मध्ये तिथे निकाल फिरला: अजून कामावर पोचलाच नव्हता, म्हणून भरपाई नाही. घरचे सुप्रीम कोर्टात गेले. २९ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. म्हटलं की हा रात्रपाळीचा वॉचमन होता, पहाटे तीनला पोचायचं होतं, त्या वेळी तो त्या रस्त्यावर कामासाठीच होता.

बावीस वर्षं, मंडळी. सव्वातीन लाखांसाठी. अपघात झाला तेव्हा जन्मलेलं पोर निकालाच्या दिवशी नोकरीला लागायच्या वयाचं झालं असेल. पण त्या घराने सोडलं नाही, म्हणून आज पहाटेच्या शिफ्टला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात हा निकाल आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घर ते कामाची जागा हा प्रवास धरलेला आहे.

हा निकाल आला त्याच महिन्यात माझा अपघात झालेला. आतेभावाने बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, खाली एकच ओळ: "आता अर्ज कर, नुसती मान हलवू नको."

मी लेखी अर्ज केला आणि पोच घेतली. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का, सही, तारीख. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आठवड्याभरात ठेकेदाराकडून अपघाताचा अहवाल गेला. काम करता येत नाही त्या काळात ईएसआयकडून सरासरी रोजाच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. ती मिळायला लागली तेव्हा घरातलं वातावरण बदललं. त्याआधी दीड महिना आई बोंबील वाळवून, विकून घर चालवत होती आणि मी खाटेवरून मोबाइल बघत होतो. तो दीड महिना मला गुडघ्यापेक्षा जास्त दुखला.

पैशांचं गणित, सोप्या भाषेत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून एकेक घेऊ.

समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागायची. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. म्हणून टेम्पो गुजरातचा असला तरी मला वलसाडला हेलपाटे मारायचे नाहीत. मुदत कायद्याने सहा महिने. ती पाळाच. उलटून गेली असेल तरी आपणच फाइल बंद करू नका, वकिलाला दाखवा, कारण या मुदतीचा वाद सुप्रीम कोर्टात गेलेला आहे.

तुम्ही स्वतःच घसरलात, समोर कुणी नाही, तर तुमचा थर्ड पार्टी विमा तुम्हाला एक रुपया देत नाही. तिथे उपयोगी पडतं ते मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण. पण तेही मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी, साध्या फ्रॅक्चरला नाही. आणि लायसन्स चालू असलं पाहिजे. मागे बसणाऱ्याचं संरक्षण नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत गृहीत धरू नका. आज घरी गेल्यावर पॉलिसी उघडून बघा. मित्राला, बहिणीला मागे बसवताना हे माहीत असू दे.

उपचारांसाठी: ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. रस्ते अपघातातल्या कुणालाही, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतचे उपचार नेमलेल्या हॉस्पिटलांत. विमा असो नसो, चूक कुणाचीही असो. म्हणून भरती करताना काउंटरवर विचारा: "रस्ते अपघाताच्या कॅशलेस योजनेत तुमचं हॉस्पिटल आहे का?" पोलिसांना कळवलेलं असणं इथेही कामाला येतं. मी तिसऱ्या आठवड्यात जागा झालो, तोवर ते सात दिवस कधीच संपले होते.

कामगार भरपाई आणि मोटार अपघात दावा, एकाच दुखापतीसाठी दोन्ही घेता येत नाहीत. एक निवडावा लागतो. ईएसआय घेत असाल तर त्याचा पुढच्या दाव्यावर काय परिणाम होईल ते वकिलाकडून समजून घेऊनच पाऊल टाका.

आता "तीन हजार" आणि "हक्क" यातला फरक. वकिलांनी मला कागदावर एक उदाहरण करून दाखवलं. समजा २४ वर्षांचा मुलगा, महिना १५,००० कमाई. वर्षाचे १,८०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जोडले की २,५२,०००. दुखापतीमुळे कमावण्याची ताकद कायमची २० टक्के कमी झाली असं कोर्टाने धरलं तर वर्षाचं नुकसान ५०,४००. या वयाला गुणक १८. झाले ९,०७,२००. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, वेदना यांचं वेगळं.

प्रत्येकाला नऊ लाख मिळतात असं नाही. माझा गुडघा पूर्ण बरा झाला तर माझा आकडा खूप कमी असेल, आणि तसाच तो असावा. पण तीन हजारांवर मिटवताना समोर काय ठेवलेलं असतं हे कळावं म्हणून सांगितलं.

ते २० टक्के कसे ठरतात हेही ऐका. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवरचा टक्का आणि कमाईचा टक्का एकच नसतो. २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की माणूस काय काम करतो ते बघायचं. एकच पाय अधू झालेले दोघे घ्या. टेबलावर बसून हिशेब लिहिणारा उद्या कामावर जाईल. हलत्या बोटीवर उभं राहून जाळं ओढणारा जाऊ शकणार नाही. म्हणून तुम्ही नेमकं काय काम करता, किती उभं राहता, किती वजन उचलता, हे कागदावर यायला हवं. पगार रोख मिळत असेल तर हजेरी कार्ड, बँकेच्या नोंदी, सोसायटीत मासळी घातल्याच्या पावत्या, जे असेल ते जपा.

वकिलाची फी परवडत नाही? स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. "मिळतील त्यातले इतके टक्के माझे" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, वकिलांना अशी टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. आणि कोऱ्या कागदावर, किंवा "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर, रस्त्यात किंवा हॉस्पिटलमध्ये सही करू नका. मी तीन हजार घेतले, पण असा कागद दिला नव्हता. वकील म्हणाले, तेवढं एक बरं केलंस.

आणि चूक आपली असेल तर?

हा प्रश्न कमी जणांनी विचारला, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. कारण उद्या टेम्पोवाल्याच्या जागी आपणही असू शकतो.

थांबायचं. जखमीला दवाखान्यात पोचवायचं. पोलिसांना कळवायचं, फार तर २४ तासांत. विमा कंपनीला कळवायचं. कलम १३४ हेच सांगतं. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघून सरळ पोलीस ठाण्यात जायला कायद्याची हरकत नाही. पळून मात्र जायचं नाही. विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. चालू नसेल तर आयुष्यभराची कमाई तुमच्या खिशातून जाऊ शकते. आणि घरातल्या सोळा वर्षांच्या पोराला "जरा दुकानात जाऊन ये" म्हणून चावी देऊ नका. त्याच्या हातून काही झालं तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

शेवटी, कागदावर न येणारं

ऑपरेशन झालं. चार महिने घरी होतो. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल केला, तारखा चालू आहेत. टेम्पोवाल्याची नोकरी गेली नाही. मला त्याचं बरं वाटलं. भरपाई त्याच्या खिशातून जाणार नाही, विम्यातून जाणार आहे, हे त्या सकाळी आम्हा दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो हात जोडत बसला नसता आणि मीही दयेपोटी गप्प बसलो नसतो.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. गुडघा बरा झाला तरी पुढचे कितीतरी दिवस उजव्या-डाव्या गल्लीतून काही बाहेर येतंय असं वाटलं की हात आपोआप ब्रेकवर जायचा. झोपेत पडल्यासारखं व्हायचं. मित्र म्हणायचे, "घाबरतोस काय पोरासारखा." मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, हे होतं, पुष्कळांना होतं, आणि महिनाभरात कमी झालं नाही तर त्यावरही उपचार आहेत. सांगायला लाज वाटत होती म्हणून इथे मुद्दाम सांगतोय. तुमचा कुणी मित्र अपघातानंतर बाइकवर बसायला टाळत असेल तर त्याची टर उडवू नका. काही दिवस तुमच्या मागे बसवून न्या.

मी परत बाइक चालवतो. हेल्मेट नवीन घेतलं, आयएसआयचं. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. जुनं घरी खिळ्याला टांगलंय. आई म्हणते टाकून दे. मी टाकत नाही.

आज एकच काम करा. फोनमध्ये "गाडी" नावाचं एक फोल्डर बनवा. त्यात लायसन्स, आरसी, विम्याची पॉलिसी, ईएसआय कार्ड असेल तर ते, आणि घरच्या दोन माणसांचे नंबर टाका. फोल्डर कुठे आहे ते घरात एकाला तरी सांगून ठेवा. आणि उद्या रस्त्यावर गर्दी जमली आणि कुणी म्हणालं "जागेवरच मिटवा", तर गर्दीतला एक आवाज तुमचा असू द्या: "आधी दवाखाना, मग पोलीस, मिटवायचं नंतर बघू."

सांभाळून जा मंडळी. पुढच्या भागात भेटू.